पर्यटकाचे हार्दीक स्वागत

भाद्रपद जवळ आला की पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स उगवतात. मजकूर दरवर्षीचाच: 'चाकरमान्याचे कोकणात हार्दीक स्वागत'. त्याखाली फोटोंची रांग आणि तळाला 'शुभेच्छूक'. एवढ्याशा मजकुरात तीन चुका. गणपतीला निघालेली माणसं फ्लेक्स वाचून परत फिरत नाहीत हे खरं, पण लिहिलंय तसं वाचलं तर स्वागत एकाच चाकरमान्याचं आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

अशा चुकांवर हसणं सोपं. त्या येतात कुठून हे शोधण्यात जास्त गंमत आहे, कारण बऱ्याचशा चुका नियम माहीत नसल्यामुळे होत नाहीत, तो अर्धाच माहीत असल्यामुळे होतात. 'हार्दीक' लिहिणाऱ्याला शाळेतलं 'शेवटून दुसरं अक्षर दीर्घ' हे पक्कं आठवत असतं. ते 'हापूस'ला लागू पडतं आणि 'हार्दिक'ला नाही, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उरलेल्या चुकांपैकी काही कानातून येतात, काही कळफलकातून, आणि काही थेट फ्लेक्सच्या दुकानातून.

आधी टिंब. अनेकवचनी नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडलं की त्याआधी अनुस्वार येतो: चाकरमान्यांचे, पर्यटकांना, मुलांसाठी, बोटींवर. शंका आली तर नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. 'त्याचे स्वागत' म्हणायचंय की 'त्यांचे स्वागत'? 'त्यांचे' बसत असेल तर टिंब द्या. माणूस एकच असला तरी आदर दाखवायचा असेल तिथेही हीच कसोटी. 'महाराजाची जयंती' लिहिलं की महाराजांना आपण अरेतुरे करतो, आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं. उलट 'लोकं' मधलं टिंब फुकटचं. शब्द 'लोक' असा आहे, एकवचनी असो की अनेकवचनी. आणि 'मासाहारी' असा फलक दिसला तर तिथे 'मांसाहारी' हवं हे उघड आहे. फक्त मालवणच्या बंदराजवळ तो दिसला तर सोडून द्यावा, तिथे तो बहुधा खरंच सांगत असतो.

आता जेवणाच्या फळ्याकडे. किनाऱ्यावरच्या खाणावळींबाहेर खडूनं लिहिलेलं असतं: तांदूळाची भाकरी, बोंबीलाचं कालवण, आमसूलाचं सार. तिन्ही पदार्थ चविष्ट, तिन्ही शब्द बिघडलेले. मूळ शब्द तांदूळ, बोंबील, आमसूल. हे अकारान्त शब्द, म्हणजे शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी काही नाही. अशा मराठी शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षराला दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार असतो: मीठ, दूध, तूप, वीज, हापूस, कोळीण, विहीर. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गाडी अडते ती पुढे, प्रत्यय लागताना. प्रत्ययाआधी शब्दाचं रूप बदलतं, शेवटच्या अक्षराला काहीतरी चिकटतं, आणि ते चिकटलं की आधीच्या अक्षराचं दीर्घपण जातं.

जातं ते दोन तऱ्हांनी. कधी नुसतं ऱ्हस्व होतं: आमसूल, आमसुलाचं सार. मीठ, मिठाचा खडा. वीज, विजेचं बिल. विहीर, विहिरीचं पाणी. कधी वेलांटी किंवा उकार मुळातच गळून पडतो: तांदूळ, तांदळाची भाकरी. बोंबील, बोंबलाचं कालवण. जांभूळ, जांभळाचा रस. माणूस, माणसाला. कुठला शब्द कुठल्या वाटेनं जाणार हे पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा कानाला विचारावं. भाकरी थापणारी बाई 'तांदळाची'च म्हणते. 'तांदूळाची' हा शब्द फळ्याबाहेर कुणाच्या तोंडी नाही. १९३० साली शिरोड्याला सत्याग्रह झाला तोही मिठाचा, 'मीठाचा' नव्हे, आणि किनाऱ्यावर असतात ती मिठागरं.

गावांच्या नावांत हे आणखी छान दिसतं. चिपळूणला गाडी थांबते, पण पाऊस चिपळुणात पडतो. राजापूरला जायचं, पण राहायचं राजापुरात. 'ला' लागताना मूळ शब्द जसाच्या तसा राहिला, म्हणून दीर्घ टिकलं. 'आत' लागताना 'ण'चा 'णा' आणि 'र'चा 'रा' झाला, म्हणून उकार आखडला. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे: शेवटच्या अक्षराला काना आला का? आला तर आधीचं ऱ्हस्व. अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की बातम्यांत 'राजापूरात पूर' झळकतं. पूर आला तो राजापुरात, आणि बाजारपेठेत शिरलं ते पुराचं पाणी. संस्कृतात 'पुर' ऱ्हस्व आहे हे ठाऊक असलेले काहीजण 'राजापुर' लिहून मोकळे होतात. मराठीत ग्रामनामातला 'पूर' दीर्घ लिहायचा, असा स्वतंत्र नियमच आहे. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली १४ नियम केले, १९७२ मध्ये आणखी ४ घातले. सगळे मिळून १८. पाठ करायला बसलं तर एक दुपार पुरते. लोकांना वाटतं तेवढं हे जंगल दाट नाही.

मग 'हार्दिक' ऱ्हस्व का? कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द. तत्सम शब्दांचं शेवटून दुसरं अक्षर संस्कृतात जसं असेल तसं ठेवायचं. म्हणून 'मंदिर', कितीही कमानींवर 'मंदीर' कोरलेलं असलं तरी. म्हणून 'तरुण', 'कुसुम', 'इच्छुक', आणि म्हणून 'शुभेच्छुक'. (नुसतं 'शुभेच्छू' लिहिलं तर एक अक्षर वाचतं आणि वादही मिटतो.) हेच उलट्या बाजूनंही लागू होतं: शरीर, गीत, तीर्थ हे शब्द मुळातच दीर्घ, तेव्हा प्रत्यय लागला तरी ते दीर्घच राहतात. 'शरिराला' नाही, 'शरीराला'.

तत्सम कुठला आणि मराठी कुठला हे ओळखायला संस्कृत यायला पाहिजे असं नाही. शब्दाची शेपटी बघितली की बरंच काम होतं. 'इक' ही शेपटी ऱ्हस्व: हार्दिक, स्थानिक, सार्वजनिक, ऐतिहासिक. 'ईय' दीर्घ: राष्ट्रीय, शासकीय, प्रेक्षणीय. त्यामुळे 'प्रेक्षणिय स्थळे' हा बाण जिकडे नेतो तिकडे जावं, पण तसं लिहू नये. 'इत' ऱ्हस्व: सुरक्षित, प्रकाशित, अनुदानित. मात्र शेपटी खरोखर शेपटी हवी. 'बारीक' आणि 'ठीक' यांच्यातला 'ईक' शब्दाचाच भाग आहे, 'गृहीत' आणि 'विपरीत' मधला 'ईत'ही तसाच. हे चार-सहा अपवाद वेगळे पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही.

शेपटीचाच एक शब्द मात्र डोळ्यांत खुपतो: 'पारंपारिक मालवणी जेवण'. 'इक' लागला की शब्दाचा पहिला स्वर वाढतो, फक्त पहिला. समाज, सामाजिक. वर्ष, वार्षिक. उद्योग, औद्योगिक. परंपरेतला पहिला 'प' फुगून 'पा' झाला. दुसऱ्या 'प'ला फुगायचं कारण नाही. पारंपरिक. हा फलक मी नुसता हॉटेलांवर नाही, चांगल्या जाडजूड स्मरणिकांतही पाहिलाय, आणि दर वेळी वाटतं की जेवण पारंपरिक असेल तर निदान शब्द तरी असावा.

'सिंधूदुर्ग' हीसुद्धा अर्ध्या नियमाची चूक. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात: सिंधू, कृषी, भूमी, गती. हे बरोबर. पण असा तत्सम शब्द समासात पुढे जोडला गेला की तो आपलं मूळचं ऱ्हस्व रूप घेतो. म्हणून नदी 'सिंधू', पण १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला तो जिल्हा 'सिंधुदुर्ग'. भूमी, पण भूमिपूजन. बुद्धी, पण बुद्धिबळ. दापोलीला आहे ते सुटं लिहिलं तर 'कृषी विद्यापीठ', जोडून लिहिलं तर 'कृषिविद्यापीठ'. आणि याच नियमाच्या बळावर कुणी 'पाणिपुरवठा' लिहील तर तेही चूक, कारण पिण्याचं 'पाणी' अस्सल मराठी आहे, ते बदलत नाही. 'पाणि' म्हणजे हात, तो लग्नात लागतो: पाणिग्रहण. पत्रिकेत 'पाणीग्रहण' छापलं तर यजमान पाणी धरायला निघालेत असा अर्थ होतो, आणि एप्रिल-मेच्या टंचाईत तो अगदीच अस्थानी नसतो.

'घेवून', 'येवून', 'जावून', 'होवून' यांच्याविषयी इतकं बोलून झालंय की पुन्हा सांगायचा कंटाळा येतो, पण कसोटी इतकी सोपी आहे की सांगितली पाहिजे. क्रियापदाची 'तू'ला दिलेली आज्ञा म्हणून बघा. तू घे, तू ये, तू जा, तू हो. 'व' कुठेच नाही, म्हणून घेऊन, येऊन, जाऊन, होऊन. तू ठेव, तू लाव, तू पाठव, तू जेव. इथे 'व' आहे, म्हणून ठेवून, लावून, पाठवून, जेवून. 'कृपया येथे गाडी लाऊ नये' मधला 'लाऊ' याच कसोटीवर पडतो. आपण 'तू गाडी ला' म्हणत नाही. ही कसोटी एका ठिकाणी दगा देते. 'मासे साफ करून धुवून मिळतील' या पाटीवर नियमाप्रमाणे 'धुऊन' हवं, धातू 'धू' आहे म्हणून. पण बोलताना बरेचजण 'हात धुव' असं म्हणतात, त्यामुळे कान 'धुवून'च्या बाजूनं साक्ष देतो. या एका शब्दापुरता कान बाजूला ठेवायचा.

ज्यांचा अर्थच पालटतो असे जोडीचे शब्द थोडे आहेत, पण नेमके मोठ्या अक्षरांत येणारे. एसटी स्टँडवर चहा-वडा मिळतो ते उपाहारगृह: उप अधिक आहार. 'उपहार' म्हणजे भेट, नजराणा. 'उपहारगृह' लिहिलंत तर बिल मागू नका. सभेनंतर असतो तो अल्पोपाहार, 'अल्पोपहार' म्हणजे छोटीशी भेटवस्तू. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे केविलवाणा. १ मेला 'महाराष्ट्र दीनाच्या शुभेच्छा' देणाऱ्याला बहुधा अर्थसंकल्पावर बोलायचं असावं. ग्रामपंचायतींच्या फलकांवर 'पिण्याच्या पाण्याचा स्त्रोत' असतो. शब्द 'स्रोत': स आणि र, मध्ये 'त' नाही. 'सहस्र' मध्येही नाही. 'स्त्री' इतकी ओळखीची आहे की हात आपोआप 'स्त्र' काढतो. 'स्तोत्र' तिसरंच, ते देवळात म्हणतात.

आणि या सगळ्यांत किनाऱ्याची म्हणावी अशी जोडी एकच: दर्या आणि दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या सह्याद्रीत असतात. फरक एका चिन्हाचा. पहिल्यात 'य'च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात 'य'च्या आधी पापणीसारखा अर्धा र. उच्चारातला फरकही स्पष्ट आहे: 'सूर्य', 'आचार्य' म्हणताना आधीच्या अक्षरावर जोर येतो, तिथे रफार. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर' म्हणताना जोर येत नाही, तिथे पापणी. महाप्रसादाच्या हिशेबात 'आचार्यांना मानधन' लिहिलं तर पैसे विद्वानांना गेले. स्वयंपाक करणाऱ्यांना द्यायचे असतील तर 'आचाऱ्यांना'. पर्यटनाच्या पत्रकांत 'कोकणच्या दर्याखोर्यात भटकंती' असतं, तेव्हा लाटांमध्ये चालायला बोलावतायत की काय असं वाटतं. आणि खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, 'तिसर्या' म्हणून मेन्यूत आल्या की त्यांना शिंपल्यांसकट कसं वाचायचं कळत नाही.

ही चूक माणसाची कमी आणि यंत्राची जास्त. पापणीचा र दोन प्रकारे उमटवता येतो. एक, साधा र, त्याला हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह), मग एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. दुसरा, खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला वेगळा ऱ, हलन्त, य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्या प्रकारातलं न दिसणारं चिन्ह मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात चिकटवताना गळू शकतं, आणि ते गळलं की 'दऱ्या'चा दर्या होतो; लिहिणाऱ्याची काही चूक नसताना. म्हणून नेहमी दुसरा प्रकार वापरावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, मग डीवर हलन्त, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवर, शिफ्ट न धरता, य. तीन कळा. दहा वेळा केलं की बोटांत बसतं.

यंत्राची आणखी एक खोडी 'हॉटेल' शब्दात लपते. काहीजण 'ह'वर आधी अर्धचंद्र देतात आणि मग वेगळा काना. दिसायला शब्द जवळपास तसाच, पण आतून अक्षरं वेगळी. मग शोधपेटीत कुणी नीट 'हॉटेल' टाकलं की हे हॉटेल सापडतच नाही. ॉ हे एकच चिन्ह आहे, ते एकाच कळीनं द्यायचं. 'ॲ'चंही तसंच, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले गेले, तेव्हा आता 'अ'वर वेगळा चंद्र ठेवायची कसरत नको.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांची ऱ्हस्व-दीर्घाची भीती उगाच आहे. अनुस्वाराआधीचा इकार-उकार सहसा ऱ्हस्व असतो: भिंत, चिंच, सुंठ. तोच न्याय पाहुण्यांना. पार्किंग, बुकिंग, बोटिंग, डायव्हिंग. तारकर्लीच्या वाटेवर 'स्कुबा डायव्हींग बुकींग' असा फलक दिसला तर तिथे तीन चुका आहेत, कारण 'स्कूबा'त 'कू' लांब आहे. 'रूम' दीर्घ, 'रुम' नव्हे. रोमन लिपीतल्या पाट्यांवर वेगळीच मजा. अकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम. एक सी किंवा एक एम कमी पडला की खोली तेवढीच राहते, पण पुण्या-मुंबईचा पाहुणा नाक मुरडतो. डेझर्टमध्ये दोन एस घातले तर उकडीचा मोदक, एक घातला तर वाळवंट. कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टमध्ये 'एल'नंतर आय आला तर नाश्ता फुकट, ई आला तर नाश्ता 'पूरक'. स्टेशनरीच्या शेवटच्या 'आर'आधी ई असेल तर वह्या-पेनं, ए असेल तर दुकान जागचं हलत नाही एवढाच अर्थ. आणि बीचमध्ये डबल ई घातला तर समुद्रकिनारा जाऊन त्या जागी थंड मुलखातलं एक झाड उगवतं. होमस्टेच्या मालकानं ही पाच स्पेलिंगं भिंतीवर लावून ठेवली तर आयुष्यभराचं काम झालं.

हिंदीच्या आणि मोबाइलच्या संगतीनं आलेला रोग म्हणजे प्रत्यय सुटे लिहिणं. 'देवगड चा हापूस', 'घरा समोर पार्किंग', '१ जून पासून मासे मारी बंद'. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात: देवगडचा, घरासमोर, १ जूनपासून, मासेमारी. मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते, तिथे बॅकस्पेस मारायचा आळस होतो, बाकी काही नाही.

जोडाक्षरांबद्दल चार ओळी. 'शुध्द', 'प्रसिध्द', 'पध्दत' यांत द आणि ध उलटे बसलेत. अर्धा द, पूर्ण ध: शुद्ध. ही उलटापालट टाइपरायटरच्या काळातली. 'ध'ला उभी दांडी आहे, ती काढली की अर्धा ध मिळतो. 'द'ला दांडी नाही, त्यामुळे अर्धा द करणं अवघड. मग जे सोपं ते झालं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, त्या 'उध्वस्त' नाही, उद्ध्वस्त झाल्या: उद् अधिक ध्वस्त. महामार्गाची असते ती दुरवस्था, दुर् अधिक अवस्था. 'दुरावस्था' लिहून ती सुधारत नाही. 'महत्त्व' आणि 'तत्त्व' यांत दोन त, कारण 'महत्' आणि 'तत्' यांच्याकडे आपला स्वतःचा एक आहेच. 'नेतृत्व'मध्ये मात्र एकच. 'आर्शीवाद' या शब्दाबद्दल एवढंच: सावकाश म्हणा, आ, शीर्, वाद. र कशाच्या आधी ऐकू आला? 'वा'च्या. मग रफार 'वा'वर. 'पुर्नवसन'लाही हाच उपाय: पु, नर्, वसन. पुनर्वसन.

एक सांगायचं राहिलं. 'येवा, बसा, जेवा' अशी पाटी बघून लाल पेन काढणाऱ्यांनी ते खिशात ठेवावं. ती मालवणी आहे, तिला तिचे कायदे आहेत. 'माका', 'तुका', 'खंय' हे 'मला', 'तुला', 'कुठे' यांचे बिघडलेले अवतार नव्हेत. चूक तेव्हा होते जेव्हा प्रमाण मराठीत लिहायला घेतलेलं असतं आणि मधेच हात घसरतो.

फ्लेक्स छापायला देणार असाल तर मजकूर व्हॉट्सॲपवर नुसता पाठवून गप्प बसू नका. बऱ्याच दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर त्यात चिकटवला की चौकोन किंवा कचरा दिसतो, म्हणून कामगार तो पुन्हा टाइप करतो, घाईत, शेजारी तिघं उभे असताना. अशा वेळी तो त्याच्या ओळखीचं स्पेलिंग टाकतो. म्हणून मजकुरासोबत त्याचं चित्रही पाठवा, म्हणजे त्याला जोडाक्षरं दिसतील. छापण्याआधी नमुन्याचं चित्र मागून घ्या आणि ते मोबाइलवर मोठं करून बघा. पहिल्यांदा फक्त रफार बघा. मग ऱ्या. मग द्ध. मग टिंबं. नंतर शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत या; उलटं वाचताना अर्थ पुढे ओढत नाही, त्यामुळे अक्षरं दिसतात. सगळ्यात शेवटी सर्वांत मोठ्या अक्षरांतली ओळ वाचा, कारण ती कुणीच वाचत नाही, सगळ्यांनी ती गृहीत धरलेली असते.

तरीही छापून आल्यावर चूक सापडली तर टिंब राहिलेलं परवडतं. काळ्या चिकटपट्टीचा गोल तुकडा कापून वर लावला की लांबून कळत नाही. जास्तीच्या वेलांटीला हा उपाय नाही. तिच्यावर पांढरी पट्टी लावली तर पहिल्याच सरीत कड सुटते आणि खालून 'हार्दीक' डोकावायला लागतो.